सुरक्षा परिषदेचा अनुशेष

मराठवाड्याचं नाव एखाद्या यादीत झळकलं की ती यादी दुष्काळाची, मागासपणाची नाहीतर शेतकरी आत्महत्यांची असणार, हे आपण गृहीतच धरतो. दांडेकर समितीनं 1984 साली अनुशेष मोजून हातात दिला आणि त्या एका शब्दावर पुढाऱ्यांच्या दोन पिढ्या पोसल्या गेल्या. तर मंडळी, आता पेढे वाटा. एका जागतिक दर्जाच्या यादीत आपण 1948 सालापासून ठाण मांडून बसलो आहोत. संयुक्त राष्ट्रांची सुरक्षा परिषद स्वतःपुढच्या विषयांची यादी ठेवते. त्या यादीत पॅलेस्टाइन आहे, काश्मीर आहे आणि 'हैदराबाद प्रश्न'ही आहे. पहिली बैठक 16 सप्टेंबर 1948, शेवटची 24 मे 1949. पुढे कुणी ढुंकून पाहिलं नाही, पण या शतकातही ती ओळ वर्षानुवर्षं छापली जाते आहे.

हैदराबादशी आपला काय संबंध, असं पुणेकरांनी विचारलं तर समजू शकतो. त्यांच्या लेखी आपण अजून मोगलाईतलेच. पण नांदेडच्या माणसानं विचारू नये. निजामाच्या संस्थानातल्या सोळा जिल्ह्यांपैकी औरंगाबाद, परभणी, नांदेड, बीड आणि उस्मानाबाद हे पाच आपले. लातूर हे उस्मानाबाद जिल्ह्यातलं व्यापारी गाव. उदगीर, अहमदपूर, निलंगा हे भाग तर बिदर जिल्ह्यात. म्हणजे न्यूयॉर्कच्या कागदावर 'हैदराबाद' असं जे लिहिलंय त्यात देगलूर, कंधार, औसा आणि बिलोलीही येतात. देगलूरच्या मतदारांना आपण इतके आंतरराष्ट्रीय आहोत याची कल्पना नसेल. उमेदवारांनी कधी सांगितलं नाही, एवढाच त्यांचा दोष.

यादीतून नाव का गळत नाही याचा नियम मोठा गमतीदार आहे. तीन वर्षांत ज्या विषयावर चर्चा झाली नाही, तो विषय काढून टाकायचा. मात्र एखाद्या सदस्य देशानं फेब्रुवारी संपायच्या आत पत्र पाठवलं, की तो आणखी वर्षभर राहतो. तलाठी कार्यालयात भावाभावांच्या वादातला फेरफार असाच असतो. निकाल कुणालाच नको असतो, नोंद मात्र दोघांनाही हवी असते. पत्र कोण पाठवत असेल, हे ओळखायला आंतरराष्ट्रीय संबंधांची पदवी लागत नाही.

आता मूळ अर्ज बघू. 21 ऑगस्ट 1948 रोजी निजाम सरकारनं सुरक्षा परिषदेला तार केली. भारत आमची नाकेबंदी करतो, आक्रमणाच्या धमक्या देतो, जगाच्या शांततेला धोका आहे, जगानं लक्ष घालावं, असा मजकूर. लक्ष घालण्यासारखं त्या संस्थानात खरोखरच पुष्कळ होतं. तार गेली त्याच सुमारास, त्याच रात्री, हैदराबाद शहरात 'इमरोज' या उर्दू दैनिकाचे तरुण संपादक शोएबुल्ला खान यांच्यावर निजामधार्जिण्या रझाकार दलाच्या माणसांनी हल्ला केला. हात तोडला, जीव घेतला. गुन्हा काय? संस्थान भारतात विलीन व्हावं, असं त्यांनी लिहिलं. जगाच्या दारात 'आम्हाला वाचवा' म्हणून उभ्या असलेल्या सरकारच्या घरात त्या रात्री काय चाललं होतं, हे तारेत लिहिलेलं नव्हतं. फिर्यादी स्वतःच्या गुन्ह्याचा पंचनामा जोडत नसतो.

जोडायचा म्हटला असता तर गठ्ठा झाला असता. बिलोली तालुक्यातल्या अर्जापूरला 29 ऑक्टोबर 1946 रोजी गोविंदराव पानसरे यांना मारलं, तेव्हा तर देशही स्वतंत्र झाला नव्हता. कंधार भागातली कल्हाळी, बिदर जिल्ह्यातलं गोरटा... जुनी माणसं अजून 'रझाकारी' म्हणतात आणि पुढचं वाक्य अर्धवट सोडतात. रझाकारांची पद्धत सोपी होती. गावागावावर महिन्याची रक्कम बसवायची. दिली तर ठीक, नाही दिली तर लूट, जाळपोळ, खून. याला हल्ली हप्ता म्हणतात आणि त्याला राज्यशास्त्रात अजून स्वतंत्र धडा नाही. या साऱ्याचा म्होरक्या कासीम रझवी हा लातूरचा वकील. लाल किल्ल्यावर निजामाचा झेंडा फडकवण्याची भाषा करणारा. लातूर पॅटर्न शिकवण्यांसाठी देशभर गाजला, पण त्याच्या कितीतरी आधी लातूरनं देशाला हाही एक वकील दिला होता, हे शिकवणीवाले जाहिरातीत घेत नाहीत.

निजामाची बाजू झाली. आता आपली बघू, कारण एकाच बाजूला टोचलं तर सदर एकांगी होतं आणि संपादकांना पत्रं येतात.

भारताचं उत्तर असं होतं: हैदराबाद हा आमचा घरगुती मामला, परिषदेनं नाक खुपसू नये. संयुक्त राष्ट्रांच्या सनदेतलं कलम 2(7) हे सांगतंच, की देशाच्या अंतर्गत कारभारात संघटनेनं पडू नये. मुद्दा कायद्याला धरून होता. पंचाईत एवढीच की दोनच वर्षांपूर्वी, 1946 साली, दक्षिण आफ्रिकेतल्या हिंदी लोकांना मिळणाऱ्या वागणुकीची तक्रार घेऊन आपण त्याच संघटनेत गेलो होतो. तेव्हा आफ्रिकेचं गोरं सरकार हेच कलम पुढे करून म्हणत होतं, हा आमचा घरगुती मामला. आणि विजयालक्ष्मी पंडित बाणेदारपणे बजावत होत्या, की माणसांचे हक्क तुडवले जातात तेव्हा मामला घरगुती राहत नाही. त्या जिंकल्याही. टाळ्या आपण वाजवल्या.

पुढचं अधिक मजेशीर. 1947च्या जुलैत डच फौजा इंडोनेशियात घुसल्या. डचांनी जगाला सांगितलं, हे युद्ध नव्हे, ही पोलीस कारवाई. भारतानं आणि ऑस्ट्रेलियानं 30 जुलैला हा विषय सुरक्षा परिषदेत नेला. बरोबरच केलं. चौदा महिन्यांनी मेजर जनरल जे. एन. चौधरी यांचे रणगाडे सोलापूरहून नळदुर्गच्या दिशेनं निघाले. त्याला आपणही पोलीस ॲक्शनच म्हटलं. रणगाडे चालवणारे पोलीस नळदुर्गकरांनी त्याआधी पाहिले नव्हते. या दोन पोलीस कारवायांत फरक होता, आणि तो मोठा होता. डच परत गुलाम करायला आले होते. इथं लोक सैन्याची वाट बघत होते. उमरीची बँक 30 जानेवारी 1948 रोजी लुटून लढ्यासाठी पैसा उभा करणारी माणसं, सरहद्दीवरच्या कॅम्पांत बंदुका घेऊन बसलेली पोरं, स्वामी रामानंद तीर्थांच्या मागं तुरुंगात गेलेले मास्तर, यांना कुणी बळजबरीनं मुक्त केलेलं नाही. माझं म्हणणं वेगळं आहे. डचांच्या तोंडी जो युक्तिवाद आपल्याला निर्लज्ज वाटला, तोच चौदा महिन्यांत आपल्या तोंडी शोभून दिसला. आपला तो बाळ्या.

तारखा शेजारीशेजारी मांडल्या की परिषदेची चपळाई कळते. 13 सप्टेंबरला सैन्य घुसलं. 16 सप्टेंबरला पॅरिसमध्ये पाले द शायोच्या प्रशस्त इमारतीत सुरक्षा परिषद बसली आणि विषय चर्चेला घ्यावा की नाही यावर चर्चा केली. अकरापैकी आठांनी घ्यावा म्हटलं. रशिया, युक्रेन आणि चीन तटस्थ. 17 तारखेला निजामानं शरणागती पत्करली. 22 तारखेला त्यानं तार करून अर्ज मागं घेतला. अर्जदार फिरल्यावर वकिलांनी काय करायचं? त्यांनी आणखी थोडी चर्चा केली. आठ महिन्यांनी, म्हणजे 1949च्या मेमध्ये, पाकिस्ताननं पुन्हा विषय काढला, सर जफरुल्ला खान बोलले आणि फाईल कपाटात गेली. वराती मागून घोडं, आणि घोड्यावरही कुणी नाही.

खरी गोष्ट इथून पुढं सुरू होते, कारण सैन्य आल्यावर संस्थानच्या मराठी आणि कानडी मुलखात जे घडलं त्याचा अर्ज कुणीच केला नाही. निजाम करणार नव्हता. तो आता भारतातल्या हैदराबाद राज्याचा राजप्रमुख व्हायच्या वाटेवर होता. भारत करणार नव्हता. ज्यांच्यावर बेतलं त्यांना तार कुठून करायची हेही ठाऊक नव्हतं.

नेहरूंनी मात्र काही माणसं पाठवली. पंडित सुंदरलाल, काझी अब्दुल गफ्फार आणि मौलाना अब्दुल्ला मिस्री. 29 नोव्हेंबर ते 21 डिसेंबर 1948 अशी ही मंडळी संस्थानात फिरली. सात जिल्हा ठाणी, एकवीस कसबे, तेवीस खेडी पाहिली. शिवाय जिथं जाता आलं नाही अशा 109 गावांतल्या पाचशेहून जास्त लोकांना बोलतं केलं. त्यांचा हिशेब असा: पोलीस ॲक्शनच्या काळात आणि त्यानंतर, अगदी हात राखून धरलं तरी, 27 ते 40 हजार माणसं मेली. सगळ्यात वाईट स्थिती चार जिल्ह्यांत, उस्मानाबाद, गुलबर्गा, बिदर आणि नांदेड. आजचा लातूर जिल्हा या चारांपैकी दोघांच्या तुकड्यांतून शिवलेला. लातूर शहराबद्दल अहवाल सांगतो, की कत्तल वीस दिवसांहून जास्त चालली. दहा हजारांच्या मुस्लिम वस्तीत जेमतेम तीन हजार उरले होते, हजारावर मारले गेले होते, बाकी पळाले होते. कच्छी व्यापाऱ्यांच्या पेढ्या होत्या, त्याही गेल्या. रझवीचं गाव म्हणून लातूरवर राग निघाला. रझवी स्वतः तोवर सुरक्षित कोठडीत होता. चोर सोडून संन्याशाला सुळी देण्याची आपली रीत जुनीच आहे. इथं तर संन्याशी हजारांनी होते, आणि त्यातले कितीतरी साधे विणकर, शेतमजूर, बायका.

अहवालात आणखी दोन गोष्टी आहेत. पहिली न आवडणारी: लुटीत आणि इतर गुन्ह्यांत काही ठिकाणी सैन्यातली आणि स्थानिक पोलिसांतली माणसं सामील होती, असा निःसंदिग्ध पुरावा मिळाल्याचं समितीनं लिहिलंय. दुसरी आवडणारी: मुसलमान शेजाऱ्यांना वाचवायला हिंदू उभे राहिल्याचीही उदाहरणं समितीला भेटली, हिंदू विणकरांनी मुसलमान विणकरांना पाठीशी घातलं. दोन्ही गोष्टी आपल्या जयंत्या-पुण्यतिथ्यांच्या भाषणांत येत नाहीत. पहिलीमुळं सरकार ओशाळतं. दुसरीमुळं तर दोन्हीकडच्या गर्दीची पंचाईत होते.

मला नेहमी खटकतो तो तारखांचा खेळ. 9 डिसेंबर 1948. त्याच पॅरिसमध्ये, त्याच पाले द शायोमध्ये, संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेनं वंशसंहारविरोधी करार एकमतानं मंजूर केला. दुसऱ्या दिवशी मानवी हक्कांचा जाहीरनामा. राफाएल लेमकिन नावाचा एक पोलंडमधून निसटलेला वकील, ज्याचं जवळपास सारं कुटुंब नाझींनी संपवलं, त्या दालनात होता. आणि बरोबर त्याच आठवड्यात सुंदरलाल यांची समिती आपल्याकडच्या विहिरी, पडकी घरं आणि विधवा बघत फिरत होती. जगानं 'पुन्हा असं घडू देणार नाही' म्हणून सह्या करायच्या आणि त्याच वेळी त्याच संघटनेच्या यादीतला मुलूख मोजदादीविना पडलेला असायचा, हा योगायोग कादंबरीत घातला असता तर संपादकानं 'ओढूनताणून' म्हणून कापला असता.

या कराराशी आपलं नातंही वाचण्यासारखं आहे. 1946 साली वंशसंहार हा गुन्हा ठरवा असा पहिला ठराव आमसभेत मांडणाऱ्या तीन देशांत क्यूबा, पनामा आणि भारत होते. आपण जनक. 1949 साली सही केली. 1959 साली मान्यता दिली, पण सोबत एक अट जोडली: आमच्याविरुद्धचा वाद आंतरराष्ट्रीय न्यायालयात न्यायचा असेल, तर आधी आमची संमती घ्या. आरोपीच्या परवानगीनं खटला! आणि देशात या गुन्ह्यासाठी स्वतंत्र कायदा अजून केलेलाच नाही. इतरांनीही अशाच पळवाटा ठेवल्या, हे मान्य; अमेरिकेला तर मान्यता द्यायलाच चाळीस वर्षं लागली. पण नामकरणाला पुढं आणि बारशाच्या खर्चाला मागं, ही आपली तऱ्हा वाखाणण्यासारखी.

गुन्ह्याचा कायदा नसला की काय होतं, ते रझवीनंच दाखवलं. रझाकारीच्या म्होरक्याला शेवटी तुरुंगात ठेवलं ते बीबीनगरच्या दरोड्याच्या खटल्यात. 1953 साली सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलेला हा खटला वाचणाऱ्याला वाटेल, लातूरचा हा वकील एखाद्या टोळीचा भुरटा सरदार होता. 1957 साली सुटला, पाकिस्तानात गेला, 1970 साली कराचीत मेला. अर्जापूर, कल्हाळी आणि गोरटा या गावांच्या खात्यावर शून्य जमा. आणि लातूरच्या त्या वीस दिवसांच्या खात्यावर? तिथं खातंच उघडलेलं नाही.

खरंतर दिल्ली सरकारला मोजदाद येत नव्हती असं नाही. 1948 सालीच सरकारनं हैदराबादवर श्वेतपत्रिका छापली होती. रझाकारांनी काय काय केलं, ते त्यात होतं. ती जगाला वाटायची होती, म्हणून छापली. सुंदरलाल अहवाल जगाला वाटायचा नव्हता, म्हणून छापला नाही. पटेलांना तो पटला नव्हता. पन्नास वर्षं तो सरकारी कागदांत पडून राहिला. 2001 साली एका इंग्रजी पाक्षिकानं त्यातले उतारे दिले, आणि पुढे बऱ्याच वर्षांनी दिल्लीच्या नेहरू स्मारक ग्रंथालयात तो अभ्यासकांना बघायला मिळू लागला. मेलेल्यांची एक यादी छापील, दुसरी कुलपात. देश बदला, साल बदला, या दोन याद्या तुम्हाला जिथं तिथं भेटतील.

आता त्या कुलपाची किल्ली सगळ्यांच्या मोबाइलमध्ये आहे, तर काय झालं? श्वेतपत्रिकावाले आणि अहवालवाले अशा दोन फळ्या पडल्या. 2024च्या मार्चमध्ये रझाकारांवर सिनेमा आला, नावातच नरसंहार. त्यात 17 सप्टेंबरनंतरचा कॅलेंडरचा कागद फाडलेला. पलीकडं अहवालाचे उतारे फिरवणारे आहेत. त्यांच्या कॅलेंडरला 13 सप्टेंबरच्या आधीची पानंच नाहीत. दोघांना एकाच खोलीत बसवलं तर एक पूर्ण वर्ष तयार होईल, पण बसणार कोण? झेंडावंदनाचंही तसंच. आपल्याकडं 17 सप्टेंबर मुक्तिसंग्राम दिन, केंद्राचा हैदराबाद मुक्ती दिन, तेलंगणात एका सरकारचा राष्ट्रीय एकात्मता दिन, तर दुसऱ्याचा प्रजापालन दिन. एकाच तारखेला एवढी नावं ठेवण्याचा मान एरवी फक्त नवसानं झालेल्या पोराला मिळतो. आणि रझवीच्या मजलिस या पक्षाचं पुढं काय झालं? 1950च्या दशकात नव्या घटनेनिशी ती पुन्हा उभी राहिली, आणि 2012 साली महाराष्ट्रात शिरली ती नांदेड महापालिकेच्या दारातून, अकरा नगरसेवक घेऊन. रझाकारांच्या नावानं मतं मागणाऱ्यांना तेव्हापासून नवा रोजगार मिळाला. दोन्ही दुकानं एकमेकांची गिऱ्हाइकं टिकवून आहेत.

एवढ्या सगळ्याकडं पाठ करून आपण जगाचा न्याय करायला मोकळे. गाझात बॉम्ब पडले की एक मोर्चा जिल्हाधिकारी कार्यालयावर जातो. बांगलादेशात देवळं फोडली की दुसरा जातो. निवेदन घेणारा कारकून एकच असतो. दोन्ही मोर्चे खऱ्या दुःखावर निघतात, त्याची टिंगल करायची नाही. मात्र पहिल्या मोर्चात दुसऱ्यातले लोक दिसत नाहीत आणि दुसऱ्यात पहिल्यातले. हे नांदेडचं न्यूनत्व समजू नका; सुरक्षा परिषदेतही हाच नियम आहे, तिथं फक्त सुटाबुटात आणि दुभाष्यासकट. 1971 साली ढाक्यात कत्तल सुरू झाली, तेव्हा पाकिस्तान म्हणाला, आमचा घरगुती मामला. हैदराबादसाठी परिषदेची दारं ठोठावणारा हाच तो देश. भारत म्हणाला, एक कोटी निर्वासित आमच्या दारात आल्यावर मामला घरगुती कसा? दोघांनी 1948चे आपापले वकिली झगे बदलून घातले. ढाक्यातले अमेरिकन वाणिज्यदूत आर्चर ब्लड यांनी स्वतःच्या सरकारला निषेधाची तार पाठवली, तर सरकारनं कत्तल न थांबवता ब्लड यांची बदली केली. आपल्या जिल्हा परिषदेतही प्रामाणिक अभियंत्याचं हेच होतं. आणि 27 ऑक्टोबर 2023 रोजी आमसभेत गाझातल्या युद्धविरामाच्या ठरावावर मत द्यायची वेळ आली, तेव्हा आपण तटस्थ राहिलो. 1948 साली हैदराबादच्या मतदानात तटस्थ राहिलेल्यांची खुर्ची कशी ऊबदार असते, हे आपल्यालाही कळलं असेल.

जग कधीच धावून येत नाही, असं मात्र लातूरकरांनी म्हणू नये. 30 सप्टेंबर 1993ची पहाट आठवा. किल्लारी, सास्तूर आणि भोवतालची गावं. दहा हजारांच्या आसपास माणसं मेली, आणि जग आलं. तंबू आले, डॉक्टर आले, जागतिक बँकेचं कर्ज आलं, परदेशी संस्थांनी गावं दत्तक घेतली. 52 गावं नव्यानं वसली. कुणी कलम 2(7) काढलं नाही. कारण उघड आहे. भूकंपाला जात नसते, धर्म नसतो, परराष्ट्र मंत्रालय नसतं आणि मुख्य म्हणजे कुठल्याच देशाचा तो मित्र नसतो. जमिनीनं मारलं तर मोजदाद घराघरातून, नावानिशी, पंचनाम्यासकट होते. माणसांनी मारलं की '27 ते 40 हजार'. मधल्या तेरा हजारांना धड मेल्याचाही दर्जा नाही.

तेवढ्यात कुणी म्हणेल, हैदराबाद प्रश्नाचा परदेशात कुठंच निकाल लागला नाही हे खोटं आहे. खरंय. एक लागला. 1948च्या त्याच सप्टेंबरात, सुरक्षा परिषदेत निजामाची बाजू मांडायला गेलेल्या मोईन नवाज जंग यांनी लंडनच्या बँकेतले निजामाचे दहा लाख पौंड पाकिस्तानच्या उच्चायुक्तांच्या खात्यात वळते केले. निजाम म्हणाला, मी सांगितलंच नव्हतं. बँकेनं पैसे गोठवले. मग भारत, पाकिस्तान आणि निजामाचे वारस भांडत राहिले, आणि 2 ऑक्टोबर 2019 रोजी, गांधीजयंतीला, लंडनच्या उच्च न्यायालयानं निकाल दिला: पाकिस्तानचा हक्क नाही. तोवर रकमेचे साडेतीन कोटी पौंड झाले होते. 71 वर्षं न्यायमूर्ती, बॅरिस्टर, जुने तारांचे कागद, साक्षीपुरावे, व्याजाचा हिशेब. निकाल लागल्यावर निजामाचे शंभरावर इतर वारस वाटा मागायला पुढं आले, तेही न्यायालयानं ऐकून घेतलं. अर्जापूरचे किंवा लातूरचे वारस कुणी पुढं आले नाहीत. त्यांचं त्या बँकेत खातं नव्हतं.

मग करायचं काय? सुरक्षा परिषदेला पत्र लिहून आपलं नाव काढून घ्या किंवा चर्चा करा, असं म्हणणं व्यर्थ. चर्चा झालीच तर दोन्हीकडचे वकील 1948चीच भाषणं काढतील. त्यापेक्षा एक घरचं काम सुचवतो. नांदेडमध्ये स्वामी रामानंद तीर्थांच्या नावाचं विद्यापीठ आहे. ते 1994 साली मुद्दाम 17 सप्टेंबरलाच सुरू केलं. हैदराबादच्या मुक्तीवर आणि विलीनीकरणावर निर्भीडपणे लिहिणारे नरहर कुरुंदकर याच शहरातले. अनंत भालेरावांनी मराठवाड्याच्या लढ्याचा इतिहास लिहून ठेवला. मुक्तिसंग्रामाच्या पुस्तकांनी इथली ग्रंथालयं भरली आहेत. नाही ती एकच वही: तालुक्यानं तालुका, गावानं गाव, रझाकारीत मेलेले आणि ॲक्शननंतर मेलेले, दोन्ही एकाच पानावर, नावानिशी, मराठीत. ते पाहिलेली माणसं आता पंचाऐंशीच्या पुढं आहेत, आणि ती वाट बघत नाहीत. इतिहासाच्या दहा-बारा विद्यार्थ्यांना आवाज नोंदवायची यंत्रं, एसटीचा पास आणि जेवणाचा भत्ता दिला तर वर्षभरात नांदेड-लातूरचं काम होईल. खर्च अमृतमहोत्सवी स्वागत कमानींपेक्षा कमी.

यासाठी न्यूयॉर्कला जावं लागत नाही. निधी जिल्हा नियोजन समितीतूनही निघू शकतो. तिथं अध्यक्ष पालकमंत्री असतात आणि नकाराधिकार एकट्या त्यांच्याकडे असतो. पाच बड्यांची भानगडच नाही.